पहिला नंबर कोणाचा? ॲनिमेच्या हंगामाची क्रमवारी कशी लावावी

त्र्यंबकेश्वरात ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१५ साली आगपेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या. त्या छोट्या चित्रपटाचं नाव 'आगकाड्यांची मौज'. काडी केसभर सरकवायची, कॅमेऱ्यात एक चौकट टिपायची, काडी पुन्हा केसभर सरकवायची आणि पुन्हा एक चौकट टिपायची. अशा शेकडो चौकटी सलग फिरवल्या की लाकडाची काडी चालू लागते. फाळक्यांच्या हाताला ही पद्धत आधीपासून ठाऊक होती. १९१२ साली पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभं करताना त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच थोड्याथोड्या वेळाने टिपली होती. ती पाहून पैसे लावणाऱ्याचा या माध्यमावर विश्वास बसला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला हलवलं. तिकडे फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ सालीच काड्यांचा असा खेळ करून दाखवला होता. ती कला सात वर्षांत आपल्याकडे पोचली.

जपानी कलावंतांनी बनवलेली ॲनिमेशनं तिथल्या चित्रपटगृहांत लागली ती १९१७ साली. शिमोकावा, कितायामा आणि कोउची ही तिघं जपानी ॲनिमेशनची आद्य मंडळी मानली जातात. म्हणजे त्र्यंबकच्या माणसाच्या काड्या त्यांच्या दोन वर्षं आधी हलल्या होत्या. नाशिककरांनी ही गोष्ट ताठ मानेने सांगावी. मात्र पुढे दोन्हीकडचं नशीब वेगवेगळं झालं. कोउचींचा 'नामाकुरा गाताना' हा १९१७चा लघुपट कित्येक दशकं बेपत्ता होता. तो जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडला आणि २००८ साली पुन्हा लोकांसमोर आला. 'आगकाड्यांची मौज'ची प्रत मात्र उरली नाही. त्यांच्याकडे काड्यांचं झाड झालं, आपल्याकडे बी मातीतच राहिलं.

आज त्या झाडाची फळं नाशिकच्या घराघरांत मोबाइलवर येतात. दर तीन महिन्यांनी जपानमधून ४०-५० किंवा त्याहूनही जास्त ॲनिमे मालिका सुरू होतात. एवढ्या सगळ्या कोणीच पाहू शकत नाही. मग प्रश्न येतो तो काय बघावं आणि काय सोडावं याचा. या प्रश्नातून हंगामाची क्रमवारी जन्माला येते आणि पहिल्या नंबरावरून वादही पेटतात. ही क्रमवारी कशी तयार होते, तिच्यावर किती भरवसा ठेवावा आणि आपली स्वतःची यादी कशी करावी, हे या प्रकरणात पाहू.

तीन महिन्यांचं वेळापत्रक

जपानी दूरचित्रवाणीचं वर्ष चार भागांत वाटलेलं असतं. जानेवारीत हिवाळी, एप्रिलमध्ये वसंताचा, जुलैमध्ये उन्हाळी आणि ऑक्टोबरमध्ये शरदाचा हंगाम सुरू होतो. आठवड्याला एक भाग या हिशेबाने एका हंगामात १२ किंवा १३ भाग बसतात. मोठी मालिका दोन हंगाम चालते. काही मालिका एक हंगाम चालून थांबतात आणि वर्षभराने पुढचं पर्व घेऊन येतात.

आठवड्याला अर्धा तास ॲनिमे हा पायंडा पाडला ओसामु तेझुका यांनी. त्यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी लागतात. प्रत्येक चौकटीसाठी नवं चित्र काढायचं म्हटलं, तर २२ मिनिटांच्या भागासाठी ३१,६८० चित्रं होतात. दर आठवड्याला एवढी चित्रं काढणं कोणालाच शक्य नव्हतं. तेझुकांच्या चमूने एकच चित्र तीन चौकटी धरून ठेवलं, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवले, एकदा काढलेलं चालणं-धावणं पुन्हा वापरलं, पार्श्वभूमी सरकवून वेगाचा भास केला. या काटकसरीतूनच ॲनिमेची शैली घडली. बराच वेळ शांत असलेलं चित्र आणि मग अचानक काही सेकंदांत ओतलेली सगळी ताकद, ही ती शैली. म्हणून क्रमवारी लावताना नुसतं 'चित्रं किती हलतात' हे मोजून भागत नाही. चित्र नेमकं कुठे हललं आणि कुठे मुद्दाम थांबवलं, हे पाहावं लागतं.

यातल्या बऱ्याच मालिका जपानमध्ये मध्यरात्रीच्या आसपास लागतात. तिथल्या कार्यक्रमपत्रिकेत २५:३० अशी वेळ छापलेली असते. तिचा अर्थ दिवस उलटल्यानंतरचा दीड. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असल्याने तो दीड नाशिकमध्ये रात्रीचा दहा असतो. 'जुजुत्सु कायसेन'चं दुसरं पर्व गुरुवारी रात्री ११:५६ला लागायचं, तेव्हा नाशिकमध्ये ८:२६ वाजलेले असायचे. टोकियोत झोपमोड करून बघायची मालिका आपल्याकडे जेवणाच्या वेळची होते. प्रसारणानंतर लगेच भाषांतरासह भाग जगभर उपलब्ध होऊ लागले, तशी क्रमवारीही दर आठवड्याला आणि साऱ्या जगात एकदमच ठरू लागली.

गुणांची बेरीज आणि तिच्यातली गोम

सर्वांत जास्त चर्चेत असते ती 'मायॲनिमेलिस्ट' या संकेतस्थळाची यादी. २००४ साली सुरू झालेल्या या ठिकाणी जगभरातले प्रेक्षक मालिकांना १ ते १० गुण देतात. तिथे सरळ सरासरी काढली जात नाही. सरळ सरासरी काढली असती, तर १०० निस्सीम चाहत्यांनी डोक्यावर घेतलेली मालिका हजारो लोकांनी नावाजलेल्या मालिकेच्या पुढे गेली असती. म्हणून प्रत्येक मालिकेच्या खात्यात आधी काही 'सर्वसाधारण' मतं टाकतात आणि मग सरासरी काढतात.

हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. सगळ्या मालिकांची मिळून सरासरी ६.५ धरू आणि प्रत्येकीच्या खात्यात ६.५ गुणांची ५० मतं आधीच जमा आहेत असं समजू. 'अ' मालिकेला १०० जणांनी सरासरी ९.५ गुण दिले. हिशेब करता तिचा आकडा होतो ८.५०. 'ब' मालिकेला ५,००० जणांनी सरासरी ८.६ दिले. तिचा आकडा येतो ८.५८. कच्च्या गुणांत जवळजवळ एका गुणाने पुढे असलेली 'अ' यादीत मागे पडते. 'अ' वाईट आहे असा याचा अर्थ होत नाही. तिच्याबद्दल खात्रीने बोलायला अजून पुरेशी माणसं नाहीत, एवढंच हे गणित सांगतं. शिवाय मालिकेचा निदान एक पंचमांश भाग न पाहता दिलेले गुण तिथे हिशेबात धरत नाहीत.

ही पद्धत शहाणपणाची आहे, पण एक गोम तिच्यातून सुटत नाही. पहिलं पर्व सगळेच पाहतात. ज्यांना ते आवडत नाही, ते कमी गुण देऊन निघून जातात. दुसऱ्या पर्वाला आवडणारेच उरतात, तिसऱ्याला तर भक्तच. साहजिकच पुढच्या पर्वांचे गुण चढत जातात. 'मायॲनिमेलिस्ट'च्या वरच्या यादीत 'गिंतामा' या एकाच मालिकेची अनेक पर्वं दिसतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे. ती पर्वं चांगली आहेतच. पण कोऱ्या पाटीने सुरू झालेल्या नव्या मालिकेशी त्यांची तुलना करताना परीक्षक मंडळ बदललेलं आहे, हे ध्यानात ठेवावं लागतं.

दुसरी अडचण गटबाजीची. आपली आवडती मालिका वर राहावी म्हणून प्रतिस्पर्धी मालिकेला ठरवून एकेक गुण देण्याचे प्रकार होतात. 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड' ही २००९ची मालिका वर्षानुवर्षं या यादीच्या शिखरावर होती. 'फ्रीरेन' या २०२३च्या मालिकेने तिला मागे टाकलं, तेव्हा दोन्ही बाजूंचे चाहते हिरिरीने मतदानाला उतरले. अशा वेळी दशांश चिन्हापुढच्या दुसऱ्या आकड्यावरून मालिकेची थोरवी ठरवण्यात काहीच हशील नसतं.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, ती वेळेची. पहिल्या दोन-तीन भागांवर स्टुडिओ जीव ओततो, कारण प्रेक्षक तेव्हाच पकडायचा असतो. निफाड तालुक्यातल्या लासलगावच्या बाजारात कांद्याला आजचा भाव आज मिळतो, पण शेतकऱ्याला खरी परीक्षा ठाऊक असते ती चाळीत साठवल्यावरची. लाल कांदा लगेच विकावा लागतो, उन्हाळी कांदा महिनोन्महिने टिकतो. हंगामी क्रमवारी हा असा लिलावाच्या दिवसाचा भाव असतो. तो खोटा नसतो, पण मालिका टिकणार की नाही हे त्यावरून कळत नाही.

नमुन्याचा हंगाम: शरद २०२३

क्रमवारीचे सगळे पेच एकाच ठिकाणी पाहायचे तर ऑक्टोबर २०२३मध्ये सुरू झालेला हंगाम घ्यावा. त्याचा निकाल पाहायला आता पुरेसा काळही लोटला आहे.

या हंगामात 'फ्रीरेन: बियाँड जर्नीज एंड' आणि 'द अपोथेकरी डायरीज' या दोन मोठ्या मालिका सुरू झाल्या, पण संपल्या मार्च २०२४मध्ये. 'जुजुत्सु कायसेन'चं दुसरं पर्व जुलैपासूनच चालू होतं आणि डिसेंबरअखेर संपलं. 'स्पाय फॅमिली'चं दुसरं पर्व १२ भागांत नेमकं हंगामात बसलं. 'प्लूटो' या मालिकेचे आठही भाग नेटफ्लिक्सवर २६ ऑक्टोबरला एकदम आले. 'अटॅक ऑन टायटन' ही २०१३पासून चाललेली कथा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दीर्घ भागाने संपली.

आता यांची एकच यादी कशी करायची? एका मालिकेचा निम्मा भाग अजून यायचा आहे, दुसरीचा निम्मा आधीच होऊन गेला आहे, तिसरी एका रात्रीत संपवता येते आणि चौथी दहा वर्षांच्या कथेची सांगता आहे. यावर उपाय म्हणजे आधी वर्ग पाडायचे. पूर्ण झालेल्या मालिका, चालू असलेल्या मालिका, पुढची पर्वं आणि सुटे विशेष भाग यांची वेगवेगळी पंगत मांडायची. चालू मालिकेचा नंबर पेन्सिलीने लिहायचा आणि ती संपल्यावर पक्का करायचा. म्हणून 'अटॅक ऑन टायटन'चा शेवट मी या यादीत धरत नाही. मागचं काही न पाहता त्याचं मोल करता येत नाही आणि मागचं सगळं धरलं तर तो या हंगामाचा राहत नाही.

उरलेल्या पाचांची ती पर्वं आता संपली आहेत, म्हणून त्यांना एकाच पंगतीत बसवून केलेली माझी क्रमवारी अशी आहे.

पाचवा क्रमांक 'स्पाय फॅमिली'च्या दुसऱ्या पर्वाला. हेर बाप, मारेकरी आई आणि मनातलं ओळखणारी मुलगी यांचं हे बनावट कुटुंब हळूहळू खरं होत जातं. या पर्वात जहाजावरचा प्रसंग दमदार आहे. आई योर तिथे जिवावर उदार होऊन लढते आणि त्याच जहाजावर बाप-लेक सुट्टी घालवत असतात. बाकीचे भाग सुटसुटीत, घरी सगळ्यांनी मिळून पाहण्याजोगे आहेत, पण कथा फारशी पुढे सरकत नाही. म्हणून ते पाचवं.

चौथा क्रमांक 'जुजुत्सु कायसेन'ला. शोता गोशोझोनो यांच्या दिग्दर्शनाखाली माप्पा स्टुडिओने टोकियोतल्या शिबुया भागातली एक रात्र उभी केली आहे. हाणामारीच्या दृश्यांत रेषा विरघळते, कॅमेरा सावरत नाही, चेहरा एखाद्या चौकटीपुरताच नीट दिसतो, आणि तरी कोण कुठे आहे हे कळत राहतं. हे कौशल्य असामान्य आहे. हे पर्व चालू असतानाच त्यावर काम करणाऱ्या काही ॲनिमेटरांनी वेळापत्रकाच्या जीवघेण्या ताणाबद्दल जाहीरपणे लिहिलं. मालिकेचे पैसे बहुधा प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी अशा मंडळींची समिती लावते. स्टुडिओला ठरलेला मोबदला मिळतो आणि यशाचा मोठा वाटा समितीकडे जातो. प्रेक्षकाने हे जाणून घ्यायला हवं. पुढचं पर्व लवकर हवं असा घोषा लावणारा प्रेक्षकही त्या ताणाला हातभार लावतो. मी या पर्वाला चौथं ठेवलं ते त्याच्या कथेमुळे. आघातामागून आघात येतात आणि पात्रांना दुःख पचवायला उसंत मिळत नाही.

तिसरा क्रमांक 'द अपोथेकरी डायरीज'ला. नात्सु ह्यूगा यांच्या कादंबऱ्यांवरची ही मालिका. औषधांची जाणकार माओमाओ ही मुलगी पळवून नेली जाते आणि राजवाड्याच्या अंतःपुरात दासी होते. पहिल्याच भागात राजाची तान्ही बाळं आजारी पडत असतात. लोक शाप-करणीच्या गोष्टी करतात. माओमाओला कारण दिसतं ते आईच्या तोंडाला लावलेल्या पांढऱ्या पावडरीत. ती विषारी आहे. दासीचं ऐकणार कोण? ती आपल्या कपड्याची पट्टी फाडते, तिच्यावर सूचना लिहिते आणि फुलांच्या फांदीला बांधून दोन्ही राण्यांच्या खिडकीत ठेवते. एक राणी ऐकते आणि तिचं बाळ वाचतं. दुसरी ऐकत नाही. बुद्धी असून आवाज नसलेल्या बाईची सगळी कोंडी या एका प्रसंगात येते. पुढचे भागही निरीक्षण आणि अनुमान यांवरच चालतात. विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात दाखवावी अशी ही मालिका आहे.

दुसरा क्रमांक 'प्लूटो'ला. तेझुकांच्या 'ॲस्ट्रो बॉय'मधल्या एका कथेवरून नाओकी उरासावा यांनी २००३ ते २००९ या काळात चित्रकथा लिहिली, तिचं हे ॲनिमे. जगातले सर्वांत बलाढ्य यंत्रमानव एकामागून एक मारले जातात आणि तपास करणारा गेझिख्त स्वतः यंत्रमानव आहे. पहिल्या भागात नॉर्थ नंबर टू हा युद्धातून परतलेला यंत्रमानव एका अंध, चिडखोर संगीतकाराकडे नोकर म्हणून येतो. त्याला पियानो शिकायचा असतो, कारण त्याला पुन्हा रणांगणावर जायचं नसतं. संगीतकार त्याला हिडीसफिडीस करतो आणि तो तरीही शिकत राहतो. यंत्राच्या तोंडून युद्धाची शिसारी ऐकताना मन हलतं. आठ भागांत कथा पूर्ण होते, कुठेही पातळ होत नाही.

पहिला क्रमांक 'फ्रीरेन'ला. कानेहितो यामादा आणि त्सुकासा आबे यांच्या चित्रकथेवरून केइइचिरो साइतो यांनी ही २८ भागांची मालिका दिग्दर्शित केली. एरवी जिथे गोष्ट संपते, तिथे ही सुरू होते. राक्षसांचा राजा मारून चौघं परत आले आहेत. दहा वर्षांची मोहीम संपली. त्यांच्यातली फ्रीरेन ही एल्फ, हजारावर वर्षं जगलेली. तिला ती दहा वर्षं म्हणजे पापणी लवण्याइतकी. आकाशात उल्कावर्षाव बघताना ती सहज म्हणते की पन्नास वर्षांनी पुन्हा भेटू, याहून चांगली जागा दाखवते. पन्नास वर्षांनी ती येते तेव्हा नायक हिमेल टक्कल पडलेला, वाकलेला म्हातारा झालेला असतो. ठरल्याप्रमाणे सगळे उल्का बघायला जातात. मग हिमेल मरतो. अंत्यविधीला जमलेले लोक कुजबुजतात की हिच्या डोळ्यांत पाणी नाही. शवपेटीवर माती पडू लागते आणि तेव्हा फ्रीरेन रडते. माणसाचं आयुष्य थोडं असतं हे ठाऊक असून आपण त्याला ओळखून का घेतलं नाही, हे तिला आता कळतं. पुढचे सगळे भाग म्हणजे तिने जुन्या वाटेवरून पुन्हा चालत जाऊन त्या माणसाला उशिरा ओळखणं. त्या वाटेवर फर्न आणि स्टार्क ही दोन तरुण पोरं तिच्यासोबत असतात आणि या वेळी ती त्यांना वेळ देते.

या मालिकेत काही मिनिटं नुसतं चालणं आहे, बर्फ पडणं आहे, न्याहारी आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कोणी तिला संथ म्हणालं असतं तर त्याला दोष देता आला नसता. तिचं मोल कळायला अठ्ठावीस भाग लागतात आणि पुन्हा पाहिली की ते वाढतं. लढाईची दृश्यं इतरांइतकीच चोख आहेत, पण त्यांच्यावर तिची भिस्त नाही. म्हणून ती पहिली.

ॲनिमे दाखवणाऱ्या 'क्रंचीरोल' या सेवेच्या पुरस्कारांत 'वर्षातलं सर्वोत्तम ॲनिमे' हा मान २०२४ साली 'जुजुत्सु कायसेन'च्या दुसऱ्या पर्वाला आणि २०२५ साली 'सोलो लेव्हलिंग'ला मिळाला. 'मायॲनिमेलिस्ट'वर शिखर गाठलेल्या 'फ्रीरेन'ला तो मिळाला नाही. जवळपास एकाच काळातल्या मालिका, पण परीक्षक बदलले, नियम बदलले आणि पहिला नंबरही बदलला. वाचकाने यातून एवढं घ्यावं की प्रत्येक यादीखाली ती कोणी आणि कशी केली हे लिहिलेलं असलंच पाहिजे.

पंचवटी, जपानी कुंचल्यातून

हंगामाचा भाव आणि टिकाऊपणा यांतलं अंतर समजावून घ्यायला नाशिककरांना जपानपर्यंत जायची गरज नाही. त्यांच्याच गावाची कथा असलेलं ॲनिमे याचा सर्वांत बोलका दाखला आहे.

युगो साको हे जपानी निर्माते १९८३ साली एका माहितीपटासाठी भारतात आले. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल अलाहाबादजवळ उत्खनन करत होते, त्यावरचा तो माहितीपट. त्या निमित्ताने साकोंना रामायणाची गोडी लागली. त्यांनी जपानीत उपलब्ध असलेली रामायणाची अनेक रूपं वाचून काढली आणि ही कथा ॲनिमेशनमध्येच सांगता येईल, असं त्यांच्या मनाने घेतलं. देवाची भूमिका माणसाने करण्यापेक्षा रेखाटलेला राम जास्त खरा वाटेल, अशी त्यांची धारणा होती. भारतीय ॲनिमेशनचे धुरीण राम मोहन त्यांच्या सोबतीला आले, कोइची सासाकी हेही दिग्दर्शनात होते. संगीत वनराज भाटियांचं. देवादिकांचं कार्टून करताय, असा आक्षेप इथून घेतला गेला, सरकारी सहकार्य मिळालं नाही आणि चित्रपट जपानमध्येच तयार झाला. सुमारे साडेचारशे कलावंत त्यावर राबले. धोतर कसं नेसतात, हात कसे जोडतात, हे जपानी चित्रकारांनी भारतीय सहकाऱ्यांकडून शिकून घेतलं.

चित्रपटाच्या मध्यावर राम, सीता आणि लक्ष्मण पंचवटीत राहतात. शूर्पणखा येते, सोनेरी हरीण येतं, रावण भिक्षेच्या मिषाने दारात उभा राहतो. काळाराम मंदिर, सीतागुंफा आणि तपोवन रोज पाहणाऱ्या माणसाला या दृश्यांत वेगळंच काहीतरी भेटतं. आपल्या वहिवाटीच्या जागेकडे परक्या माणसाने किती आदराने, किती कष्टाने पाहिलं आहे, हे जाणवतं. झाडांच्या हिरव्या रंगाच्या किती छटा आहेत, हे थांबून मोजावंसं वाटतं.

जानेवारी १९९३मध्ये हा चित्रपट भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. अयोध्येतली मशीद पाडल्याच्या घटनेला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. वातावरण तापलेलं होतं आणि चित्रपटाला धड प्रदर्शन लाभलं नाही. त्या वर्षीची क्रमवारी कोणी केली असती, तर हे नाव तिच्यात आलंही नसतं. मग तो दूरचित्रवाणीवर आला, पुन्हा पुन्हा लागला आणि त्या काळच्या मुलांच्या मनात घर करून राहिला. युगो साको २०१२ साली गेले, राम मोहन २०१९ साली गेले. २४ जानेवारी २०२५ रोजी तोच चित्रपट झळाळी देऊन देशभरच्या चित्रपटगृहांत लागला. आयएमडीबीवर त्याचे गुण दहापैकी नऊच्या वर होते. बत्तीस वर्षं चाळीत ठेवूनही माल कोंबसुद्धा न फुटता निघाला.

तो हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत लागला. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला आलेला 'डेमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत होता. दोन्ही याद्यांत मराठी नाही. पंचवटीची कथा पंचवटीच्या भाषेत नसावी, याची खंत वाटायला हवी आणि ती बोलूनही दाखवायला हवी. बोलून दाखवल्याचा उपयोग होतो. २०१९ साली 'वेदरिंग विथ यू' हा जपानी चित्रपट भारतातल्या चित्रपटगृहांत आला, त्यामागे इथल्या चाहत्यांनी हजारोंच्या संख्येने सह्या केलेली मागणी होती.

आपली यादी आपण करावी

शेवटी, क्रमवारी लावायची तर ती कशी, हे सांगतो. पहिली गोष्ट, हंगामाच्या सुरुवातीला सात-आठ मालिका निवडाव्यात आणि प्रत्येकीचे तीन भाग पाहावेत. तीन भागांत मालिका आपला स्वभाव दाखवते. २०११ची 'मादोका माजिका' ही मालिका तिसऱ्या भागाच्या शेवटी अशी कलाटणी घेते की आधीचे दोन भाग वेगळेच दिसू लागतात. तीन भागांची ही रीत चाहत्यांत रूढ आहे.

दुसरी गोष्ट, नंबर देण्याआधी निकष लिहून काढावेत. कथा कुठून कुठे गेली? पात्रं बदलली का? चित्रांनी असं काय सांगितलं जे शब्दांत सांगता आलं नसतं? संगीत आणि शांतता यांचा वापर कसा झाला? आणि मालिका पुन्हा पाहावीशी वाटते का? माझ्या लेखी यातला शेवटचा निकष सर्वांत वजनदार आहे, कारण बाकीच्या चारांचं उत्तर त्यात उतरतं.

तिसरी गोष्ट, प्रत्येक नंबरापुढे निदान दोन वाक्यं कारण लिहावं, आणि ते मराठीत लिहावं. नुसत्या 'नऊ' या आकड्यावर वाद घालता येतो, चर्चा करता येत नाही. माओमाओच्या फाडलेल्या पट्टीबद्दल किंवा फ्रीरेनच्या उशिरा आलेल्या अश्रूंबद्दल कोणी दोन वाक्यं लिहिली, की समोरच्याला पटवायला किंवा खोडून काढायला काहीतरी हाती लागतं. मराठीत नाटकाची, गाण्याची, चित्रपटाची समीक्षा अशाच कारणं देणाऱ्या रसिकांनी उभी केली. ॲनिमेची समीक्षा उभी करायला नाशिक ही योग्य जागा आहे, कारण चौकटीपाठी चौकट टिपणाऱ्या फाळक्यांनी आपलं काम इथे केलं. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आणि त्यांच्या कलेचं नीट वाचन करता येणं हे त्या स्मारकाइतकंच मोलाचं आहे.

चौथी गोष्ट, वर्षभराने यादी पुन्हा काढावी. तेव्हा ज्या मालिकेतला एकही प्रसंग आठवत नाही, तिचा नंबर खाली आणावा. जी न बोलावता आठवत राहिली, तिला वर घ्यावं आणि बदलाचं कारण जुन्या कारणाखालीच लिहावं. अशा दोन-तीन वर्षांच्या याद्या हाताशी जमल्या, की दर आठवड्याला खाली-वर होणाऱ्या आकड्यांमागे धावण्याची गरज उरत नाही. आपल्याला काय आवडतं आणि का आवडतं हे आपल्याला ठाऊक झालेलं असतं, आणि पुढच्या हंगामातल्या पन्नास मालिकांमधून आपल्या सात निवडणं तेवढं सोपं जातं.